शंभर येनांत एक डाव: टोकियोच्या गेम सेंटरांमधून

सोमवार, अकिहाबारा

नोव्हेंबर २०२४. मावसभाऊ निशी-कासाईला राहतो. टोकियोच्या पूर्वेकडच्या या भागात भारतीयांची एवढी घरं आहेत, की सकाळी जिन्यातच कुणाच्या तरी फोडणीचा वास येतो. त्याच्याकडे बॅग टाकली, चहा घेतला आणि तोझाई लाइनने कायाबाचो, तिथून हिबिया लाइनने अकिहाबारा गाठलं. या प्रवासात क्योटोची देवळं नाहीत की फुजी नाही. मला जपानची गेम सेंटरं, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मशीनांची दुकानं, पाहायची होती, आहेत तोवर.

परवान्यांची नोंद तिथलं पोलीस खातं ठेवतं. त्यानुसार १९८६ साली देशात सव्वीस हजारांहून जास्त गेम सेंटरं होती. २०१९ मध्ये ती चार हजारांच्या आसपास उरली. यातला २०१९ हा आकडा नीट पाहा. कोविड तेव्हा यायचाच होता. म्हणजे 'कोविडने गेम सेंटरं मारली' असं जे सर्रास सांगितलं जातं ते अर्धवट आहे. कोविड आला तेव्हा सहांतली पाच आधीच गेली होती.

चुओ-दोरी हा अकिहाबाराचा मुख्य रस्ता. इथली सेगा या गेम कंपनीची लालभडक दोन नंबरची इमारत २००३ पासून सुरू होती. ती ३० ऑगस्ट २०२० ला बंद झाली. बाकीच्यांपैकी काही सेगा इमारती मी गेलो तेव्हा उभ्या होत्या, लाल होत्या, पण पाटीवर 'गिगो' लिहिलं होतं. सेगाने आपल्या गेम सेंटरांच्या कंपनीचा ८५.१ टक्के हिस्सा २०२० च्या अखेरीस गेंडा या कंपनीला विकला. जानेवारी २०२२ मध्ये उरलेला हिस्साही गेला आणि सेगा हे नाव देशभरातल्या पाट्यांवरून उतरलं. सेगा मशीनं अजूनही बनवते. पण स्वतःची मशीनं स्वतःच्या छताखाली मांडून लोक ती कशी खेळतात हे समोर उभं राहून बघणारी सेगा आता नाही, आणि मला वाटतं, मोठं नुकसान तेच आहे.

त्याच रस्त्यावर हेई आहे. हे टाइटो या गेम कंपनीचं गेम सेंटर. मायकेल कोगन या ओदेसात जन्मलेल्या माणसाने १९५३ मध्ये टाइटो काढली. १९७८ मध्ये याच कंपनीतल्या तोमोहिरो निशिकादोंनी 'स्पेस इन्व्हेडर्स' बनवला. नुसता खेळ नाही, तो चालवणारं यंत्रही त्यांनीच जुळवलं. त्यानंतर जपानभर कॉफीच्या दुकानांनी साधी टेबलं काढून काचेखाली पडदा असलेली टेबलं बसवली, आणि फक्त इन्व्हेडर्सची मशीनं असलेली दुकानंच्या दुकानं उघडली. एक डाव शंभर येनांना.

हेईच्या तळमजल्यावर चिमट्याने बाहुल्या उचलायची क्रेनची मशीनं. तिथे न थांबता वर गेलो. वर विमानं उडवून गोळ्या चुकवायचे जुने खेळ ओळीने मांडलेले. एकेका पडद्यावर एका वेळी शेकडो गोळ्या, आणि त्यांतून बोटभर जागा काढत जाणारं छोटं विमान. एका मशीनवर सूट घातलेला पन्नाशीचा गृहस्थ बसला होता. ऑफिसची बॅग दोन पायांत धरलेली, डावा हात स्टिकवर, चेहऱ्यावरची रेष हलत नव्हती. एकाच नाण्यात अख्खा खेळ संपवायचा, हा या मंडळींचा कस. मागे दोन तरुण उभे होते. ते एक अक्षर बोलले नाहीत. त्याने शेवटचा राक्षस पाडला तेव्हा दोघांनी हलकेच मान झुकवली, त्यानेही झुकवली, बॅग उचलली आणि तो निघून गेला.

मला ते फार आवडलं. आणि लगेच हिशोबही डोक्यात आला. तो गृहस्थ शंभर येनांत, म्हणजे आपल्या पंचावन्न रुपयांत, अर्धा तास बसला होता. त्या जागेचं भाडं अकिहाबाराच्या मुख्य रस्त्यावरचं आहे. खेळाडू जितका तरबेज, तितका दुकानदाराचा गल्ला कमी. या धंद्याची अडचण पहिल्यापासून तीच आहे.

बारा वाजता दिवे मालवले. १९८५ पासून गेम सेंटरं पाचिंकोसारखे अर्धे जुगारी खेळ आणि नाइट क्लब यांच्याच कायद्याखाली येतात, म्हणून मध्यरात्रीनंतर शटर. त्याआधी ती रात्रभर उघडी असायची. शेवटची गाडी चुकलेल्यांचा तो निवारा होता.

मंगळवार, इकेबुकुरो

इथलं सेगाचं गिगो (हे नाव आधी सेगाच्याच काही दुकानांचं होतं) १९९३ ला उघडलं आणि २० सप्टेंबर २०२१ ला बंद झालं. शटर खाली येताना रस्त्यावर निरोपाला गर्दी होती. बरोबर दोन वर्षांनी, २० सप्टेंबर २०२३ ला, समोरच्या बाजूला गिगोचं नवं मुख्य दुकान उघडलं. झगझगीत, अनेक मजली, माणसांनी फुललेलं. ते पाहून कुणी म्हणेल, कसला ऱ्हास? चांगलं चाललंय की.

चाललंय ते क्रेनचं. काचेच्या पेटीत बाहुल्या, वर चिमटा, नाणं टाका, चिमटा सरकवा, बाहुली पडली तर तुमची. सेगाने १९८५ मध्ये 'यूएफओ कॅचर' आणला, तेव्हापासून हा प्रकार वाढत वाढत आज गेम सेंटरांच्या निम्म्याहून जास्त कमाईवर जाऊन बसलाय. आतल्या बक्षिसाची किंमत किती असावी यालाही मर्यादा आहे. ती बरीच वर्षं ८०० येन होती, २०२२ मध्ये १,००० झाली. त्यामुळे बाहुल्या जरा मोठ्या झाल्या आणि गर्दीही वाढली. परदेशी पाहुणे तर पिशव्या भरभरून नेतात. तीन-चारदा हुकलं आणि तुम्ही मदत मागितली, तर दुकानातली मुलगी येऊन, पेटी उघडून, बाहुली सोप्या जागी ठेवून देते. वर दोन्ही हात जोडून 'गाम्बात्ते', म्हणजे 'जोर लावा', म्हणते. हा जिव्हाळा खरा आहे.

क्रेनला मी नावं ठेवणार नाही. वरच्या मजल्यांचं भाडं तीच भरते. पण क्रेनपाशी मी तासभर उभा राहिलो, तेव्हा दिसलं ते असं, की प्रत्येक जण आपल्या बाहुलीशी खेळतोय. जिंकला की पिशवीत घालून निघतो. अनोळखी माणसाशी गाठ पडायचं कारणच उरत नाही. जपानी गेम सेंटरात मशीनं पाठीला पाठ लावून ठेवायची पद्धत होती. १९९१ मध्ये कॅपकॉम कंपनीचा 'स्ट्रीट फायटर टू' हा दोघांच्या मारामारीचा खेळ आला आणि मग सगळ्या देशात ही मांडणी पसरली. समोरच्या बाजूला कोण बसलंय ते दिसत नाही. तुम्ही नाणं टाकता आणि त्याला आव्हान देता. हरलेला उठतो, जिंकलेला बसून राहतो. शंभर येनांत तुम्हाला एक प्रतिस्पर्धी मिळायचा, तोही आपल्याच गल्लीतला.

२०२३ मध्ये त्याच मालिकेतला सहावा खेळ आला. घरच्या यंत्रांवर जूनमध्ये, गेम सेंटरात डिसेंबरमध्ये. पूर्वी लोक गेम सेंटरात खेळून वेडे व्हायचे आणि घरी कधी येतो याची वाट बघायचे. आता क्रम उलटलाय.

बुधवार, ताकादानोबाबा

या आठवड्यातला माझा खरा दिवस हा.

निशी-कासाईहून तोझाई लाइन थेट ताकादानोबाबाला जाते. वासेदा विद्यापीठाची पोरं, स्वस्त रामेनची दुकानं आणि मिकाडो. मिकाडो हे गेम सेंटर कुठल्याही मोठ्या साखळीतलं नाही. मिनोरू इकेदा ते चालवतात. आधी टोकियोच्याच काबुकिचो भागात होतं, २००९ पासून इथे आहे. दोन मजले, कमी उंचीचं छत, भिंतींवर स्पर्धांचे कागद आणि एका विशिष्ट काळातल्या पांढऱ्या, गोलसर मशीनांच्या रांगा. रंग उडालेल्या बटणांवर हजारो बोटांनी केलेली चमक.

दुपारी गेलो तेव्हा एक मशीन उघडून ठेवलं होतं. आत काचेची जुनी जाड नळी, तारांचा गुंता, आणि बाजूला गुडघ्यावर बसून तारांना सोल्डरचा डाक देणारा मुलगा. डाक दिल्यावर येणारा तो राळेचा वास मला ओळखीचा होता. माझे काका रेडिओ दुरुस्त करायचे. त्या मुलाशी मोडक्या जपानीत बोललो. या पिक्चर ट्यूब आता कुणी बनवत नाही. एक मशीन मेलं की त्याचे अवयव दुसऱ्यात जातात. नवा सपाट पडदा लावला तर चित्र दिसतं, पण बटण दाबणं आणि पडद्यावर हालचाल होणं यांत किंचित वेळ जातो. ज्याने हा खेळ वीस वर्षं खेळलाय त्याच्या बोटांना तो उशीर लगेच कळतो. म्हणून जुनी नळीच जगवायची.

इथे मला मुस्तफा आठवला. नव्वदच्या दशकात पुण्या-मुंबईत, नाशकात, कोल्हापुरात ज्यांनी पार्लरमध्ये एक रुपयाचं टोकन टाकलंय, त्यांना वेगळं सांगायला नको. पिवळी टोपी, उडी मारून लाथ. खेळाचं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. पण आपण त्याला खेळातल्या एका पात्राच्या नावाने 'मुस्तफा' म्हणायचो. तो कॅपकॉमचा, १९९३ चा, जपानमध्ये बनलेला. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी नकली सर्किट बोर्डावर चालायचा. एका अमेरिकी चित्रकथेवर तो बेतलेला होता आणि तो अधिकृतपणे घरच्या कुठल्याच यंत्रावर आला नाही. म्हणजे खरा मुस्तफा फक्त मूळ हिरव्या बोर्डावर आहे. बोर्ड संपले की खेळ संपला. पुस्तकं ग्रंथालयात राहतात, सिनेमे संग्रहालयात राहतात. हा खेळ अशाच एखाद्या डाक देणाऱ्या मुलाच्या हातांत शिल्लक आहे, आणि त्या हातांचा पगार शंभर-शंभर येनांतून निघतो.

त्या शंभर येनांचं काय झालं ते इथे सांगतो, कारण सगळं दुखणं तिथे आहे. १९७८ मध्ये एक डाव शंभर येनांना. आजही बहुतेक मशीनवर शंभर येनांनाच. मधल्या काळात १९८९ मध्ये उपभोग कर आला, ३ टक्के. १९९७ मध्ये ५, २०१४ मध्ये ८, ऑक्टोबर २०१९ मध्ये १०. रामेनवाल्याने दर वेळी वाटीची किंमत वाढवली. गेम सेंटरवाल्याला ते जमत नाही, कारण मशीनच्या फटीत शंभरचं नाणं जातं, एकशे दहाचं नाणं नसतं. दोन नाणी मागितली तर भाव एकदम दुप्पट. म्हणून करवाढ प्रत्येक वेळी दुकानदाराने गिळली. आज पडणाऱ्या प्रत्येक शंभरातले नऊ येन सरकारचे. नव्या, इंटरनेटला जोडलेल्या मशीनांवर दर खेळामागे बनवणाऱ्या कंपनीलाही वाटा द्यावा लागतो. मग वीज, भाडं, पगार. कार्डाने पैसे घेतले तर एकशे वीस लावता येतात, आणि काही ठिकाणी ते सुरूही झालंय. पण चार दशकं एका नाण्याची सवय झालेल्या माणसाकडून वीस येन जास्त घेणं म्हणजे काय, हे आपल्याकडच्या कटिंग चहावाल्याला विचारा.

२०२० च्या कोविड-आणीबाणीत मिकाडोने लोकांकडून वर्गणी मागितली. लोकांनी दिली, देशभरातून दिली. दुकान वाचलं. मला वाटतं ते वाचलं कारण मिकाडोने कधीच नुसती मशीनं भाड्याने दिली नाहीत. स्पर्धा भरवल्या, त्या इंटरनेटवर दाखवल्या, त्यांवर धावतं समालोचन केलं. संध्याकाळी सात वाजता त्यातलीच एक सुरू झाली. वीसेक माणसं, त्यात दोन बायका, एक साठीपलीकडचे आजोबा. माइकवरचा मुलगा अशा आवेशात बोलत होता की मला कुस्तीच्या आखाड्यातलं हलगी-समालोचन आठवलं. कोणता खेळ? १९९० च्या दशकातला एक, ज्याचं नाव जपानबाहेर फारसं कुणाला माहीत नसेल. तो आज जगात बहुधा इथेच एवढ्या जिवावर उदार होऊन खेळला जात असेल.

परतताना जेआर रेल्वेच्या फलाटावर गेलो. गाडीची दारं बंद होताना इथे 'अॅस्ट्रो बॉय'ची धून वाजते, कारण त्या चित्रकथेचे कर्ते तेझुका यांची संस्था याच भागात आहे. शहर आपल्या चित्रकथाकाराला स्टेशनवर जागा देतं. गेम बनवणाऱ्यांनाही ती मिळावी असं वाटलं, आणि हे मी अगदी मनापासून लिहितोय.

गुरुवार, कामाता आणि कावासाकी

पाऊस. तरी निघालो.

कामाता स्टेशनला लागून असलेल्या तोक्यू प्लाझाच्या गच्चीवर एक छोटा आकाशपाळणा आहे. टोकियोत डिपार्टमेंट स्टोअरच्या गच्चीवर उरलेला हा शेवटचा. २०१४ मध्ये तो काढून टाकायचं चाललं होतं, लोकांनी हट्ट धरला म्हणून राहिला. गेम सेंटरचा वंश इथे, अशा गच्च्यांवर सुरू होतो. असाकुसाच्या मात्सुयाने १९३१ मध्ये गच्चीवर खेळांची बाग उघडली. मासाया नाकामुरा यांनी १९५५ मध्ये कंपनी काढली, तेव्हा त्यांच्याकडे काय होतं? योकोहामातल्या एका दुकानाच्या गच्चीवर ठेवलेले मुलांना झुलवणारे दोन लाकडी घोडे. ती कंपनी म्हणजे नामको, आणि त्या घोड्यांनंतर पंचवीस वर्षांनी तिथून 'पॅकमॅन' आला.

पावसामुळे पाळणा बंद होता. पुढे कावासाकीला गेलो. इथे वेअरहाऊस नावाचं गेम सेंटर होतं, आतून हाँगकाँगच्या जुन्या काउलून वस्तीसारखं सजवलेलं. गंजलेले पत्रे, वाळत घातलेले कपडे, मिणमिणते दिवे. अठराखालच्यांना प्रवेश नव्हता. १७ नोव्हेंबर २०१९ ला ते बंद झालं. मी फक्त तो रस्ता पाहिला आणि परत आलो.

शनिवार, इताबाशी

इथल्या एका साध्या गल्लीत दागाशीच्या, म्हणजे पोरांच्या स्वस्त खाऊच्या दुकानांसमोर ठेवायच्या जुन्या खेळांचं संग्रहालय आहे. एका माणसाने लहानपणच्या वेडातून जमवलेलं. यात पडदा नाही, वीजही जेमतेम. दहा येनांचं नाणं वरच्या फटीत टाकायचं, कडेच्या खटक्याने ते टिचकी मारत एकेक पायरी पुढे न्यायचं. जोर जास्त झाला की भोकात. शेवटपर्यंत पोचलं तर एक चिठ्ठी आणि चिठ्ठीवर खाऊ. काही खेळांत नाणं टोकियोहून निघून स्टेशनं घेत घेत शिनकानसेन बुलेट ट्रेनच्या मार्गाने जातं.

तिकिटाबरोबर नाण्यांऐवजी बिल्ले मिळतात. आत सहा-सात वर्षांची पोरं आणि त्यांचे आजोबा. आजोबा जिंकत होते. एका आजोबांनी नातवाचं बोट खटक्यावर ठेवून स्वतःच्या बोटाने त्याला किती मागे ओढायचं ते दाखवलं. हे संग्रहालय आहे हे खरं, पण इथे 'हात लावू नये' अशी एकही पाटी नाही. हे खेळ जपायचे तर खेळूनच, हे या माणसाला पुरतं कळलेलं आहे. मोठ्या कंपन्यांना ते का कळू नये?

रविवार, पुन्हा अकिहाबारा

सकाळी उपनगरातल्या एका मॉलमध्ये वहिनींबरोबर गेलो. दहाला दार उघडलं तेव्हा रांगेत सगळे सत्तरीचे. ते मेडलच्या मशीनांकडे गेले. धातूचे बिल्ले टाकून ढकलायचे आणि आणखी बिल्ले मिळवायचे. हे बिल्ले पैशांत बदलता येत नाहीत, घरी नेता येत नाहीत. दुकानातच तुमच्या खात्यावर जमा राहतात. त्यामुळे उद्या परत यावंच लागतं. दुकानातली मुलं प्रत्येक आजीला नावाने हाक मारत होती. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या या देशात ही छोटी सोय आहे असं मला वाटत नाही.

दुपारी मावसभाऊ आणि त्याचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, यांना घेऊन हेईला. पुतण्या अकरा वर्षांचा. मावसभाऊ म्हणाला, "दादा, संध्याकाळी सहाच्या आत उरकू, नंतर लहान मुलांचे नियम वेगळे असतात." पुतण्या घरी 'स्ट्रीट फायटर सिक्स' उत्तम खेळतो, रोज कुठल्या कुठल्या देशांतल्या लोकांना हरवतो. पण स्टिक त्याने कधी धरली नव्हती. जुन्या 'स्ट्रीट फायटर'च्या मशीनवर बसला, शंभर येन टाकले आणि काही सेकंदांत हरला. परत टाकले, परत हरला. घरी हरला की तो पुढचा सामना लावतो. इथे तो खुर्चीवरून उतरला आणि मशीनला वळसा घालून पलीकडे कोण आहे ते बघायला गेला.

पलीकडे एक केस पिकलेले गृहस्थ होते. त्यांनी पुतण्याकडे पाहिलं, जरा दचकले, मग उठून उभे राहिले आणि त्याला वाकून अभिवादन केलं. पुतण्यानेही केलं. त्याचं जपानी आमच्या सगळ्यांपेक्षा चांगलं. तो म्हणाला, "काका, तुम्ही ते फेकलंत ते कसं?" त्यांनी त्याला शेजारी उभं केलं आणि स्टिक मनगटाने नाही, बोटांनी फिरवायची असते ते सावकाश दाखवलं. दोनदा, तीनदा. मग हाताने खूण केली, जा, तुझ्या बाजूला जाऊन बस.

मावसभाऊ हजारची नोट घेऊन सुट्ट्यांच्या मशीनकडे निघाला होता.